शेवट नसलेली एकवीस पुस्तकं

तुम्हाला वाचनाची गोडी कशी लागली हो, असं कुणी विचारलं की माझं डोकं उठतं. गोडीबिडी काही नव्हती. बापानं नाव घातलं, मायनं बोलणी घातली आणि बावन्न आठवडे मी दातओठ खात वाचलं, एवढाच तो प्रकार. परवा इथल्या वाचनालयानं वर्षभराच्या वाचनाचा उपक्रम काढला. निवृत्त मुख्याध्यापिका म्हणून दिवा लावायला मला बोलावलं आणि सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीनं माइकवरून नेमका हाच प्रश्न विचारला. मी म्हटलं, "गोडी नाही बाई, चीड." सगळे हसले. बाई गमतीशीर आहेत असं त्यांना वाटलं. गमतीचं त्यात काही नव्हतं, म्हणून ते एकदाचं लिहूनच टाकते.

आमच्या गावचं सार्वजनिक वाचनालय म्हणजे सोसायटीच्या इमारतीतली मागची खोली. पुढच्या खोलीत सेक्रेटरीचं टेबल आणि खता-बियाण्याची पोती, मागं पुस्तकांची तीन लोखंडी कपाटं. कुठलंही पुस्तक उघडलं की आधी खताचा वास नाकात शिरायचा आणि मग पहिलं वाक्य दिसायचं. माझे बाबा, लिंबाजी, या दोन्ही खोल्यांचे शिपाई. सकाळी पुढचं कुलूप काढायचं, संध्याकाळी मागचं. ग्रंथपाल असा कुणी नव्हताच. शाळेतले एक सर शनिवारी येत, रजिस्टरवर सह्या करत आणि नेकनूरची एसटी गाठायला पळत सुटत. बाबांचं शिक्षण चौथीपर्यंत. वाचायचे ते बोट ठेवून, ओठ हलवत, एका ओळीला भाकरीचे दोन घास खाऊन होतील एवढ्या वेळात. पण पुस्तकाला पाय लागला तर पोटच्या पोराला पाय लागल्यासारखे चरकायचे. पौर्णिमेला विहारात जाऊन आले की हमखास म्हणायचे, "आपल्याला पुस्तकानंच माणसात आणलंय, सुमे." हे त्यांचं बोलणं ध्यानात ठेवा, कारण पुढं जे झालं त्याचा मला याच्यामुळंच जास्त संताप आला.

तो मिलोचा काळ. रेशनवर तांबडी अमेरिकन ज्वारी मिळायची, तिला आम्ही मिलो म्हणायचो. तिची भाकर थापताना फुटायची, तव्यावर टाकली की कडेनं तडकायची आणि खाताना घशातून खाली उतरायला नको म्हणायची. माय रोज काठवटीशी भांडायची. "हे काय धान्य हाय का? जनावरं बी तोंड फिरवतीन," असं म्हणत ती पिठाला गुद्दे मारायची आणि सोबत रानातल्या तरोट्याची भाजी, लसूण असला तर ठेचा. गावात पेरलेलं उगवलं नव्हतं, विहिरीत गाळ नव्हता की पाणी नव्हतं. अख्खं गाव मांजरसुंब्याच्या बाजूला निघालेल्या रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचं. मी अकरावी पास होऊन घरी बसलेली. कॉलेजला जायचं तर बीडला राहणं आलं, आणि आमचं बीडला कुणी नव्हतं. मायनं माझंही नाव खडीच्या हजेरीवर घातलं आणि एक हातोडी माझ्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी माझ्या तळहाताला आठ फोड आले. माय म्हणाली, "फुटतीन, मंग दुखायचे न्हाईत."

अशात आमच्या चेअरमनसाहेबांनी कुठंतरी शहरात वाचनाचा उपक्रम पाहिला. ते परत आले ते डोक्यात तेच घेऊन. गावाला प्यायला पाणी नाही आणि यांनी फळा लावला: बावन्न आठवडे, बावन्न पुस्तकं. दर शनिवारी जुनं पुस्तक परत करायचं, नवं न्यायचं, कार्डावर शिक्का घ्यायचा. एक शनिवार चुकला की बाद. वर्षाच्या शेवटी बाहेरचे परीक्षक तोंडी परीक्षा घेणार. जो पार पडेल त्याला चेअरमनच्या संस्थेच्या बीडच्या वसतिगृहात जागा, राहणं-खाणं फुकट. बाबांनी मला न विचारता माझं नाव पहिलं लिहिलं. कार्ड घरी आणलं ते दोन्ही हातांत धरून, विहारातून खीर आणावी तसं. मी म्हटलं, "मला कावून नाही विचारलं?" तर म्हणे, "इचारलं असतं तर न्हाई म्हनली असतीस." नाव घातलेले आम्ही अकरा जण होतो. दिवाळीपर्यंत दोघीच राहिलो. संक्रांतीला चेअरमनची पुतणी लग्न होऊन लातूरला गेली आणि मी एकटी उरले.

आता त्या पुस्तकांविषयी. पहिलं पुस्तक बरं गेलं. दुसरं वाचत वाचत शेवटाला आले आणि वाक्याच्या मध्येच पान संपलं. उलटून पाहते तर पुठ्ठा. मला वाटलं, असेल एखादं. चौथ्याचंही तेच. सहाव्याचंही. खून कुणी केला ते कळायच्या आत पुठ्ठा, लग्न झालं की मोडलं ते कळायच्या आत पुठ्ठा. प्रवासवर्णनात माणूस हिमालयात चढला तो चढलाच, खाली आला की नाही देव जाणे. बावन्न पुस्तकांपैकी एकवीस अशी निघाली. दर वेळी मी बाबांपुढं आदळआपट करायची. ते जेवायला बसलेले असायचे आणि मी पुस्तक त्यांच्या नाकासमोर धरून विचारायची, "हे बघा! पुन्हा पानं नाहीत! सरांना सांगितलं का तुम्ही?" बाबा भाकरीकडं बघत म्हणायचे, "सांगतो." पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारलं की, "सांगतो म्हनलं न." माय मध्येच म्हणायची, "पानं कमी हायेत तर बरंच हाय की, लवकर सरतंय. तू रडतीस कावून?" या घरात माझं ऐकणारं कुणी नाही, असं माझं पक्कं मत झालं होतं, आणि ते आजही बदललेलं नाही.

वाचायला वेळ मिळायचा तो दुपारच्या सुट्टीत. दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी वाटून झाली की मी खडीच्या ढिगाच्या सावलीला बसून पुस्तक उघडायची. दोन-तीन दिवस गेले आणि सरूबाई म्हणाली, "मनातल्या मनात काय वाचतीस गं? आमाला कान न्हाईत का?" ही सरूबाई म्हणजे गावातल्या बड्या घरची सून, चाळीस एकराची मालकीण. दुष्काळानं तिलाही हातोडी धरायला लावली होती. कामावरच्या पहिल्या आठवड्यात तिचं भाकरीचं फडकं आमच्यापासून दहा पावलं लांब सुटायचं. तिसऱ्या पुस्तकाला ती माझ्या मांडीला मांडी लावून बसली, कारण लांबून ऐकू येत नव्हतं. तिच्यामागं बाकीच्या आल्या. झालं! माझ्या वाचनाची वाट लागली. एक पान वाचलं की यांचा अर्धा तास वाद. नवऱ्यानं असं बोलायला नको होतं, सासूचंही थोडं खरं आहे, आणि ही बया दार लावून रडत का बसली, घरात काम नव्हतं का? मी म्हणायची, "अगं बायांनो, मला शनिवारी पुस्तक परत करायचंय!" तर सरूबाई म्हणायची, "कर की. पन आदी ते भांडन पुन्ना वाच."

आणि शेवटाला आले की पुठ्ठा. पहिल्यांदा मी खरं सांगितलं की पानं फाटलीत, पुढचं मला माहीत नाही. बाया अशा काही माझ्यावर उखडल्या की बास. "आठ दिस आमाला बसवलंस आन् आता ठाऊक न्हाई म्हनतीस?" मुकादमानं शिट्टी वाजवली तरी एकही उठेना. शेवटी वैतागून मी तोंडाला येईल ते सांगून टाकलं, आणि त्या समाधानानं उठल्या. मग तेच चालू झालं. एकवीस शेवट मी खडीच्या ढिगावर बसून रचले. ते रचणंही सुखाचं नव्हतं, कारण यांना पटलं नाही तर बदलून द्यावं लागायचं. लाल पुठ्ठ्याच्या एका कादंबरीत गोदा नावाची बाई सासर सोडून लेकरू काखेला मारून निघते, नदीच्या काठाशी येते आणि पान संपतं. मी म्हटलं, गोदेनं तोंड धुतलं, लेकराला पाणी पाजलं, नदी ओलांडली आणि पलीकडच्या गावात शिवणकाम सुरू केलं. सरूबाई म्हणाली, "एवढ्यावर भागतंय का? तिला एक शेळी दे." दिली शेळी. दुसरी म्हणाली, लेकरू शाळेत घाल. घातलं. संध्याकाळी हे सगळं मी चिडून घरी सांगितलं. बाबा भिंतीला टेकून ऐकत होते. "शेळी दिली ते बरं केलं," एवढंच म्हणाले.

वर्ष सरलं. कार्डावर बावन्न शिक्के झाले. परीक्षा बाजाराच्या दिवशी ठेवली, कामाला सुट्टी होती म्हणून. मला वाटलं होतं, चार माणसं असतील. जाऊन बघते तर सरूबाईसकट खडीवरच्या पंधरा-वीस बाया वाचनालयाच्या दारात. यातल्या एकीनंही त्या आधी त्या खोलीत पाऊल ठेवलं नव्हतं. परीक्षक म्हणून बीडहून एक म्हातारे हेडमास्तर आले होते, काळी टोपी घातलेले आणि आवाज चढवायची सवय असलेले. मधल्या टेबलावर माझ्या बावन्न पुस्तकांची चळत लावली होती. चेअरमन खुर्चीत, सेक्रेटरी बाजूला, आणि बाबा पाण्याचा तांब्या घेऊन दाराशी उभे. इथं पास झाले तर बीड, नाही तर सोमवारी पुन्हा हातोडी, हे मला उभ्या उभ्या दिसत होतं.

तीन पुस्तकांवरचे प्रश्न बरे गेले. चौथ्या वेळी त्यांनी नेमकी ती लाल कादंबरी उचलली. "शेवटी गोदा काय करते?" आता बघा, खरं सांगायची हीच वेळ होती. पण वर्षभर तो शेवट इतक्यांदा सांगितला होता, इतक्या जणींना, की माझ्या तोंडून तोच निघाला, आणि तोही बेधडक. गोदा नदी ओलांडते, शिवणकाम करते. शेळीसुद्धा सांगितली मी! हेडमास्तर लालबुंद झाले. "नदी ओलांडते? अहो, ती नदीत जीव देते! सबंध कादंबरीचं मर्म आहे ते! या मुलीनं पुस्तक वाचलेलंच नाही. शिक्के खोटे आहेत हे!"

मी काही बोलायच्या आत दारातून सरूबाईचा आवाज आला. "ओ मास्तर, तुमीच न्हाई वाचलं नीट. ती कावून जीव देईल? काखेला लेकरू हाय तिच्या!" बाकीच्या बायांनीही गलका केला. एक म्हणाली, आमी सगळ्यांनी ऐकलंय. चेअरमन ओरडले, गप बसा. हेडमास्तरांनी पुरावा दाखवायला पुस्तक मागून उघडलं, आणि थांबले. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. पानं नव्हती. त्यांनी चळतीतलं दुसरं उघडलं, तिसरं उघडलं. मग सेक्रेटरी सावकाश म्हणाला, "सहा महिने झाले, ही एकटीच पुस्तकं नेती. हिच्याशिवाय फाडणार कोण?" त्यानं हे मुद्दाम केलं की त्याला खरंच काही माहीत नव्हतं, ते मला आजही सांगता येत नाही. पण चेअरमननं माझं कार्ड उचललं आणि फाडायला दोन्ही हातांत धरलं, ते मला अजून दिसतं. वाचनालयाची पुस्तकं फाडणारी पोरगी, हे नाव घेऊन मी त्या गावात कुठं राहणार होते?

"पोरीला कावून बोलता, साहेब? पानं म्या फाडली."

बाबांनी तांब्या खाली ठेवला होता आणि ते टेबलापाशी आले होते. हात मात्र पाणी द्यायला धरावा तसाच पुढं. ते बोलले ते सगळं मला शब्दन् शब्द आठवतं. पेरणीच्या दिवसांत ज्वारीच्या बियाण्याला चोळायला सोसायटीतून गंधक द्यायचे, शेतकऱ्याला एकेक पुडी. पुडी बांधायला कागद लागायचा. सेक्रेटरी म्हणायचा, बघ कुठून तरी. वर्तमानपत्र यायचं ते थेट चेअरमनच्या घरी जायचं, परत येत नसे. मग बाबांनी मागच्या खोलीत कागद बघितला. "पुढून न्हाई फाडली, साहेब. पुढं शिक्का असतोय, सतराव्या पानावर बी असतोय. तपासनी येती तवा शिक्केच बघतेत. मागं शिक्का नसतोय, म्हनून मागून. आन् खरं सांगू का, इतक्या सालांत शेवटापोतर कुनी गेलतं असं मला कंदी दिसलंच न्हाई." बाया फिस्सकन हसल्या. चेअरमन हसले नाहीत, कारण सगळ्यात जास्त पुस्तकं त्यांच्या घरून जशीच्या तशी परत यायची. म्हणजे बघा, गावाच्या शेताशेतात गंधकाबरोबर गोदेचा शेवट जाऊन पडला होता, आणि त्या वर्षी काही उगवलंसुद्धा नाही.

चेअरमननं तिथल्या तिथं सांगितलं, उद्यापासून यायचं नाही, किल्ल्या जमा करायच्या. हेडमास्तरांनी लाल कादंबरी मिटून चळतीवर ठेवली. मग मला म्हणाले, "एकवीस शेवट तू रचलेस? सांग बरं एखादा." मी रडत रडत तीन सांगितले. चौथ्याला त्यांनी हात वर केला, चेअरमनच्या हातातून कार्ड घेतलं, सही केली आणि म्हणाले, "हिला जागा द्या. मीसुद्धा एवढं वाचत नाही."

कुणाला वाटेल, मी धावत जाऊन बापाच्या पाया पडले असेन. मुळीच नाही. घरी येईपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही आणि घरी आल्यावर इतकं बोलले की मायला मध्ये पडावं लागलं. वर्षभर मी यांच्यासमोर बोंबलत होते, आणि हा माणूस भाकरी मोडत बसला होता! आधी सांगितलं असतं तर मी त्या पुस्तकांना हात लावला नसता, दुसरी घेतली असती, यांची नोकरीही राहिली असती. "कावून नाही सांगितलं?" असं मी दहा वेळा विचारलं. अकराव्यांदा ते म्हणाले, "तुला कसं सांगू? पुस्तकाला पाय लावू नको म्हनून तुलाच मारलं होतं म्या." माय डोक्याला हात लावून बसली. "नोकरी गेली की ओ," एवढंच ती म्हणत राहिली. सोमवारी माझी हातोडी घेऊन बाबा खडीवर गेले.

बीडला निघाले त्या दिवशी माझी पेटी त्यांनी एसटीच्या टपावर चढवली. खिडकीशी येऊन म्हणाले, "तिकडं मोठ्या वाचनालयात ती पुस्तकं आसतीन. तू वाच आन् मला सांग, माह्यामुळं कुनाकुनाचं काय ऱ्हायलं ते." मी तोंड फिरवून म्हटलं, "तुमचं तुमीच वाचा." गाडी सुटली. सतरा वर्षांची होते मी आणि जिभेला हाड नव्हतं. एवढं एक वाक्य मला परत घेता आलं असतं तर घेतलं असतं.

दोन महिन्यांनी वसतिगृहातली एक मुलगी म्हणाली, "तुझे वडील बाजाराच्या दिवशी इथल्या मोठ्या वाचनालयात बसतात का गं? तुझ्यासारखंच तोंड आहे." मी गेले. कोपऱ्यातल्या टेबलावर बाबा बसलेले, पायाला खडीची धूळ, पुढं एक पुस्तक शेवटाला उघडलेलं आणि वही. एक बोट छापलेल्या ओळीवर, दुसऱ्या हातात टाक. फाडलेली पानं ते हातानं उतरवून घेत होते, गावच्या पुस्तकांना चिकटवायला. सहा पुस्तकांची झाली होती. अक्षर असं की मला बघवेना. मी म्हटलं, "द्या इकडं, मी लिहिते. तुमचं आयुष्य जाईल यात." त्यांनी वही छातीशी धरली. "फाडली म्या, लिहिनार बी म्याच. तुला घाई आसंल तर वाचून दाखव." मग मी दर आठवड्याला जाऊन बसायला लागले. मी वाचायची, ते लिहायचे आणि सारखे म्हणायचे, हळू सांग. तिथले ग्रंथपाल आम्हाला दर दहा मिनिटांनी गप्प करायचे.

शेवटची राहिली ती लाल कादंबरी. मी वाचत गेले, आणि गोदा पाण्यात उतरली तिथं त्यांनी टाक खाली ठेवला. "हे न्हाई लिहीत म्या." मी म्हटलं, "बाबा, छापलंय ते लिहा. पुन्हा मनानं काही करू नका!" आमचं तिथंच जुंपलं. ग्रंथपाल उठून आले, तेव्हा कुठं त्यांनी मान खाली घातली आणि लिहिलं. जसंच्या तसं, एकही शब्द न गाळता, गोदा बुडेपर्यंत. मग मला न विचारता खाली एक रेघ मारली आणि रेघेखाली स्वतःच्या मनानं दोन ओळी घातल्या: खडीवर सांगितलेला शेवट निराळा हाय. तो सरूबाईला इचारावा.